वाचकांचे प्रश्न: जुनी जोडइंजिन टर्बोप्रॉप विमाने

गेल्या अंकात जुन्या जोडइंजिन टर्बोप्रॉप विमानांवर, म्हणजे जेटसारख्या टर्बाइनने प्रोपेलर फिरवणाऱ्या विमानांवर, प्रश्न मागवले होते. निपाणीपासून हलियाळपर्यंतची पत्रे आली. त्यातल्या निवडक प्रश्नांची उत्तरे इथे देत आहोत. आकडे मुख्यतः बीचक्राफ्ट किंग एअर ९० आणि २०० मालिकेचे आहेत, कारण आपल्याकडच्या जुन्या जोडइंजिन टर्बोप्रॉपमध्ये तीच जास्त आढळते. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक फरक असतो. म्हणून इथला प्रत्येक आकडा आपल्या विमानाच्या पुस्तिकेशी ताडून घ्यावा आणि मगच वापरावा.

आम्ही दोघे भागीदार आहोत. साखर आणि डिस्टिलरीच्या कामासाठी मुंबई आणि बेंगळुरूच्या खेपा सतत असतात. १९७९ सालचे किंग एअर सी-९० विकायला आले आहे. दलाल सांगतो, दोन्ही इंजिनांत ९०० तास शिल्लक आहेत आणि रंगही नवा आहे. घेण्याआधी काय बघावे? – एक वाचक, संकेश्वर

रंग सगळ्यात शेवटी बघा. आधी लॉगबुके मागवा आणि पहिल्या पानापासून वाचायला बसा.

या विमानावर पीटी-६ए-२१ इंजिने असणार, प्रत्येकी ५५० अश्वशक्तीची. त्यांचे ओव्हरहॉल (पूर्ण उघडून दुरुस्ती) ३,६०० तासांवर असते आणि मध्ये १,८०० तासांवर हॉट सेक्शनची, म्हणजे ज्वलनकक्ष आणि टर्बाइन या गरम भागाची, तपासणी असते. ९०० तास शिल्लक म्हणजे २,७०० तास झालेले. याचा अर्थ हॉट सेक्शन केव्हाच होऊन गेले पाहिजे. ते कुठे झाले, किती तासांवर झाले, टर्बाइनचे कोणते ब्लेड आणि व्हेन रिंग (ब्लेडवर वायू वळवणाऱ्या स्थिर पात्यांचे कडे) बदलली, याचा अहवाल हातात घ्या. अहवाल नसेल तर शिल्लक तासांना काही अर्थ नाही. इंजिनातल्या डिस्कना तासांबरोबर सायकलचीही मर्यादा असते, म्हणून ‘किती स्टार्ट, किती उड्डाणे’ हा हिशेबही सलग जुळला पाहिजे. ज्या भागाचा माग लागत नाही तो भाग बदलावाच लागतो, मग तो कितीही चांगला दिसो.

आता कॅलेंडर. तुम्ही वर्षाला १५० तास उडालात तर ९०० तास सहा वर्षे पुरतील. पण प्रोपेलरचे ओव्हरहॉल सहा वर्षांच्या आसपास येतेच, तास झालेले असोत वा नसोत. लँडिंग गिअरचेही तसेच. किंग एअरची नियमित तपासणी चार फेजमध्ये होते. दर २०० तासांनी एक फेज, आणि चारही फेज २४ महिन्यांच्या आत पूर्ण व्हाव्या लागतात. दोन वर्षांत तुमचे तास होतील ३००, तरी तपासण्या मात्र ८०० तासांच्या कराव्या लागतील. कमी उडणाऱ्या मालकाला तासामागे जास्त खर्च येतो तो यामुळे. प्रोपेलर आणि गिअरची शेवटची ओव्हरहॉल तारीख विचारली की दलालाची किंमत आपोआप खाली येते, असा या बाजाराचा रिवाज आहे.

विमान प्रत्यक्ष बघताना फ्युएल नोझलच्या भोकांतून बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालायचा आग्रह धरा. व्हेन रिंगवरच्या भेगा, एका बाजूला जळलेला लायनर, ब्लेडच्या टोकाशी झालेली झीज हे सगळे त्यात दिसते. मग ऑइल फिल्टर उघडून बघा. त्यानंतर गंज. पंख जोडणारे बोल्ट, बॅटरीचा कप्पा, टॉयलेटखालची जमीन आणि केबिनच्या गालिच्याखालचे सांधे या चार जागी तो हमखास लपतो. पंखाच्या खालच्या पुढच्या बोल्टपाशी पाणी साचते आणि आतून पोखरते. तो बोल्ट काढून तपासल्याची नोंद आणि तारीख लॉगबुकात असलीच पाहिजे. शेवटी एक उड्डाण करून केबिनचा दाब पूर्ण धरला जातो का ते बघा. दाराचे सील आणि खिडक्यांच्या कडा जुन्या झाल्या की वर गेल्यावर केबिन गळू लागते.

विमान आधीपासून व्हीटी, म्हणजे भारतीय, नोंदणीचे आहे ना, हे पहिल्याच फोनवर विचारा. परदेशातून आणण्यावर वयाची आणि प्रेशरायझेशन सायकलची (केबिनमध्ये दाब भरून उतरवण्याच्या फेऱ्यांची) मर्यादा आहे. चाळिशी ओलांडलेले विमान तिच्या फार पलीकडे जाते.

इंधनाचा अंदाज दोन्ही इंजिने मिळून ताशी २८० लिटर एटीएफ (टर्बाइन विमानांचे इंधन) असा धरा. पहिल्या तासात चढण असल्यामुळे थोडे जास्त लागते. सांबरा (बेळगावचा विमानतळ) ते बेंगळुरू सुमारे २५० सागरी मैल आहे. या विमानाला तिथे पोचायला सव्वा तास ते एक तास वीस मिनिटे लागतात आणि साडेतीनशे ते चारशे लिटर खर्च होतात.

माझ्याकडे पीपीएल (खासगी पायलटचे लायसन्स) आहे. कुटुंबाने विमान घेतले तर मला चालवता येईल का? – एक वाचक, टिळकवाडी

खासगी नोंदणीच्या विमानावर, पैसे न घेता, हो. पण नुसत्या पीपीएलवर नाही. मल्टिइंजिन पात्रता, त्या प्रकारच्या विमानाची लायसन्सवर वेगळी नोंद, रेडिओचे लायसन्स आणि चालू मेडिकल हवे. इन्स्ट्रुमेंट रेटिंगही आम्ही आवश्यकच धरतो. टर्बोप्रॉपची खरी उंची वीस हजार फुटांच्या आसपासची आहे, आणि जून ते सप्टेंबर ढगात न शिरता सांबऱ्याहून कुठेच जाता येत नाही. पहिले काही महिने शेजारच्या सीटवर त्या विमानाचा अनुभवी कॅप्टन ठेवा.

हॉट स्टार्ट म्हणजे नेमके काय, आणि तो का होतो? आमच्या ट्रेनिंगमध्ये सगळे पिस्टनवर झाले. – एक विद्यार्थिनी, बेळगाव

हा प्रश्न विचारल्याबद्दल मनापासून आनंद वाटला. जुन्या टर्बोप्रॉपचे इंजिन आकाशात फारसे बिघडत नाही. त्याचे बरेचसे आयुष्य जमिनीवर, स्टार्टच्या त्या अर्ध्या मिनिटात जाते.

पीटी-६ मध्ये स्टार्टर आधी गॅस जनरेटर फिरवतो, म्हणजे कॉम्प्रेसर आणि त्याचे टर्बाइन. हवा पुरेशी वाहू लागली की इंधन सोडायचे. हवा कमी आणि इंधन जास्त झाले की ज्वाला थंड करायला हवाच उरत नाही. टर्बाइनमधले तापमान, म्हणजे आयटीटी, काही सेकंदांत मर्यादा ओलांडते. पीटी-६ए-२१ साठी स्टार्टची मर्यादा १,०९० अंश सेल्सिअस आहे, आणि तीही फक्त दोन सेकंद. त्यापुढे ब्लेडचा धातू ताणला जातो. तो ताण परत जात नाही.

क्रम असा. बॅटरी ऑन केल्यावर व्होल्टमीटर बघा. निदान २३ व्होल्ट दिसले नाहीत तर बॅटरीवर स्टार्ट करू नका, ग्राउंड पॉवर (बाहेरून वीज देणारी गाडी) मागवा. गाडी २८ ते २८.४ व्होल्टवर लावलेली हवी आणि तिने क्षणभर १,००० अँपिअर देता आले पाहिजेत. विमानाचे नाक वाऱ्याकडे करा. मागून जोराचा वारा असेल तर एक्झॉस्टमधून हवा उलटी ढकलली जाते. पावसाळ्यात सांबऱ्याला वारा पश्चिमेचा असतो, त्यामुळे एप्रनवर (विमाने उभी करायच्या जागेवर) पूर्वेकडे तोंड करून उभ्या असलेल्या विमानाला हाच त्रास होतो.

पहिले उजवे इंजिन, कारण बॅटरी उजव्या पंखाच्या मुळाशी आहे आणि तिथवरच्या आखूड केबलमध्ये व्होल्टेजची घट कमी होते. इग्निशन व स्टार्ट स्विच ऑन करा. ऑइल प्रेशर हलले पाहिजे. एन-वन (गॅस जनरेटरचा वेग) चढत जाऊन १२ टक्के किंवा त्यावर स्थिर झाला की कंडिशन लिव्हर (इंधन सोडायचा आणि कापायचा दांडा) लो आयडलला न्या. इथे हात लिव्हरवरून काढायचा नाही आणि डोळे आयटीटीवरून हलवायचे नाहीत. दहा सेकंदांत पेट घेतला नाही तर लिव्हर कटऑफला, इंजिन कोरडे फिरवून साचलेले इंधन बाहेर काढा, मग पुन्हा प्रयत्न. पेट घेतला आणि काटा थांबायचे नाव घेत नसेल, तर मर्यादेला पोचण्याची वाट बघू नका. लिव्हर लगेच कटऑफला न्या, पण स्टार्टर बंद करू नका. इग्निशन सोडून फक्त स्टार्टरवर इंजिन फिरत ठेवा म्हणजे आतली उष्णता बाहेर पडेल. घाबरून सगळेच बंद करणे ही सर्रास होणारी चूक आहे. त्यात आतली उष्णता आतच राहते आणि नुकसान वाढते.

स्टार्टरचीही मर्यादा पाठ हवी. ४० सेकंद चालू, ६० सेकंद बंद. पुन्हा ४० चालू, ६० बंद. तिसऱ्यांदा ४० सेकंद, आणि मग पूर्ण ३० मिनिटे विश्रांती.

नुकतेच उतरलेले गरम विमान अर्ध्या तासात पुन्हा सुरू करायचे असेल तर आयटीटी आधीच वर असतो. इंधन सोडण्याआधी थोडे कोरडे फिरवून काटा खाली येऊ द्या. बंद करतानाही घाई नको. आयडलवर आयटीटी खाली येऊन निदान एक मिनिट स्थिर राहू द्या, प्रोपेलर फेदर करा (पाती वाऱ्याच्या रेषेत वळवा), मग इंधन कापा. त्यानंतर कान देऊन ऐका. कॉम्प्रेसर गुळगुळीत शीळ घालत थांबला पाहिजे. घासल्याचा आवाज आला तर त्या दिवशी ते इंजिन पुन्हा सुरू करायचे नाही.

मर्यादा ओलांडली गेली तर किती अंश आणि किती सेकंद हे लगेच लिहून ठेवा आणि इंजिनिअरला द्या. मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये तापमान आणि वेळ यांचा आलेख असतो, त्यावरून नुसती तपासणी पुरेल की हॉट सेक्शन उघडावे लागेल ते ठरते. हे लपवून ठेवणाऱ्या पायलटच्या हातात विमान देऊ नये.

मे महिन्यात दुपारी सांबऱ्याहून भरलेले विमान काढणे कितपत सुरक्षित? धावपट्टी तर लांब आहे. – एक मालक, निपाणी

धावपट्टी २,३०० मीटरची आहे हे खरे, आणि जमिनीवर ती पुरते. प्रश्न पुढच्या दोन मिनिटांचा आहे.

सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे २,४८७ फुटांवर आहे. मे महिन्यातल्या दुपारी हवेचा दाब १,००८ हेक्टोपास्कल धरला तर प्रेशर अल्टिट्यूड (हवेच्या दाबावरून निघणारी उंची) साधारण २,६२० फूट होते. त्या उंचीचे प्रमाण तापमान जवळजवळ १० अंश, आणि बाहेर ३७ अंश. फरक २७ अंशांचा. प्रत्येक अंशाला १२० फूट या ढोबळ नियमाने डेन्सिटी अल्टिट्यूड (विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) ५,९०० फुटांच्या आसपास जाते. त्याच दिवशी सकाळी सहाला २२ अंश असतील तर ती साधारण ४,१०० फूट असते. विमान तेच, धावपट्टी तीच, माणसे तीच, आणि फरक अठराशे फुटांचा.

सकाळच्या थंड हवेत सी-९० ची मर्यादा टॉर्कवर लागते, प्रोपेलरच्या मिनिटाला २,२०० फेऱ्यांना १,३१५ फूट-पौंड. दुपारी तो टॉर्क येण्याआधीच आयटीटी लाल रेषेला टेकतो आणि पॉवर तिथेच थांबवावी लागते. दोन्ही इंजिने चालू असेपर्यंत याने फारसे बिघडत नाही. एक गेले की चढण्याचा वेग अर्ध्याहून खूप कमी होतो. पश्चिमेच्या वाऱ्यात २६ क्रमांकाच्या धावपट्टीवरून निघालात तर समोर बेळगाव शहर येते आणि त्यापलीकडे जमीन सह्याद्रीकडे चढत जाते. म्हणून पुस्तिकेतल्या एका इंजिनाच्या चढणीच्या तक्त्यात त्या दिवसाचे तापमान आणि वजन घालून मिनिटाला किती फूट मिळतात ते आधी काढा. आकडा समाधानकारक नसेल तर सामान उतरवा, इंधन कमी घ्या किंवा सकाळी निघा. मे महिन्यात दुपारी तीननंतर वळवाचे ढग आणि त्यांच्यापुढे धावणारा सोसाट्याचा वारा असतो, हे सकाळी निघण्याचे दुसरे कारण.

निघण्याआधी पॉवर लिव्हरचे फ्रिक्शन नॉब हाताने आवळून बघा. जुन्या किंग एअरवर ते ढिले पडतात. मग टेकऑफमध्ये गिअर उचलायला हात काढला की लिव्हर, बहुतेक वेळा डावा, आपोआप मागे सरकतो. पायलटला वाटते इंजिन गेले, आणि तो चांगल्या इंजिनाला फेदर करायला निघतो.

खरोखरच इंजिन गेले तर आधी नाक सांभाळा. पॉवर पूर्ण, गिअर वर, गेलेल्या इंजिनाचा प्रोपेलर फेदर, फ्लॅप वर, आणि वेग निळ्या रेषेवर, म्हणजे एका इंजिनावर सर्वात चांगली चढण देणाऱ्या वेगावर. बी-२०० साठी ती १२१ नॉट आहे, तर ताबा सुटण्याचा किमान वेग ८६. चालू इंजिनाकडे पाच अंशांपर्यंत बँक द्या. दोन्ही प्रोपेलर एकाच दिशेने फिरत असल्यामुळे डावे इंजिन जाणे जास्त अवघड.

पिस्टनवर शिकलेल्यांसाठी एक गोष्ट ठळक सांगतो. कोणते इंजिन गेले याची खात्री करायला संशयित लिव्हर मागे ओढायची सवय त्यांना असते. ऑटोफेदर (गेलेल्या इंजिनाचा प्रोपेलर आपोआप फेदर करणारी यंत्रणा) असलेल्या विमानात तसे केले तर ऑटोफेदर निष्क्रिय होतो, आणि फिरणारा प्रोपेलर ब्रेकसारखा तसाच राहतो. ऑटोफेदरला त्याचे काम आधी पुरे करू द्या, लिव्हरला हात नंतर.

डाव्या इंजिनाचा आयटीटी उजव्यापेक्षा २० अंश जास्त दिसतो. चिंता करावी का? – एक पायलट, हलियाळ

दोन इंजिनांतला फरक फारसे काही सांगत नाही. तेच इंजिन सहा महिन्यांपूर्वी काय दाखवत होते, ते बघा. दर आठवड्याला एकदा, एकाच उंचीवर, एकाच टॉर्कवर, पाच मिनिटे स्थिर उडून एन-वन, आयटीटी, इंधनप्रवाह आणि बाहेरचे तापमान लिहून ठेवा. वहीतली ही चार ओळींची नोंद जुन्या इंजिनासाठी सोन्याच्या मोलाची आहे.

वाचायचे असे: एन-वन, आयटीटी आणि इंधन तिन्ही वर सरकत असतील तर कॉम्प्रेसर मळलेला आहे. तो धुतला की बहुतेक वेळा आकडे खाली येतात. आयटीटी आणि इंधन वर, पण एन-वन खाली जात असेल तर हॉट सेक्शन खराब होत आहे, आणि धुण्याने काही होणार नाही. एकच आकडा हलला आणि बाकीचे जागच्या जागी असतील तर आधी मीटर आणि त्याची जोडणी तपासा.

धुणे सोपे आहे, पण पद्धतीने व्हावे. इंजिन थंड असताना, इग्निशन बंद ठेवून, स्टार्टरवर फिरवत शुद्ध केलेले पाणी इनटेकमध्ये फवारायचे. मळ चिकट असेल तर मान्य केलेले क्लीनर लावून थोडे मुरू द्यायचे आणि पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवायचे. स्टार्टरच्या ४० सेकंदांची मर्यादा इथेही लागू आहे. शेवटी इंजिन सुरू करून पूर्ण वाळवायचे. विमान वारंवार गोवा किंवा रत्नागिरीला जात असेल तर धुण्याचे अंतर कमी करा. समुद्राचे मीठ आणि इंधनातला गंधक मिळून टर्बाइनच्या ब्लेडवर सल्फिडेशन होते आणि धातू आतून फुगून सुटू लागतो.

फ्युएल नोझलकडेही बघा. या इंजिनांत १४ नोझल असतात. त्यातले एक जरी अर्धे बुजले तरी फवारा एका जागी धारेसारखा पडतो आणि समोरची व्हेन रिंग जळते. सरासरी आयटीटीत हे उशिरा कळते. साधारण ४०० तासांनी नोझल काढून तपासून घेणे हा हॉट सेक्शनच्या तुलनेत फारच स्वस्त विमा आहे.

अडचणीच्या वेळी एटीएफऐवजी रॉकेल किंवा अ‍ॅव्हगॅस (पिस्टन विमानांचे पेट्रोल) चालते का? – एक वाचक, चिक्कोडी

रॉकेल अजिबात नाही. दिसायला जवळचे असले तरी एटीएफचा गोठणबिंदू, पाण्याचे प्रमाण आणि स्वच्छता यांची प्रत्येक टप्प्यावर तपासणी झालेली असते. रेशनच्या रॉकेलात निळा रंगही मिसळलेला असतो. अ‍ॅव्हगॅस किंग एअरच्या पुस्तिकेनुसार आणीबाणीत चालते, पण दोन ओव्हरहॉलमध्ये मिळून १५० तासांपर्यंतच, कारण त्यातले शिसे टर्बाइनवर बसते. किती तास जाळले ते लॉगबुकात लिहावे लागते.

गोव्याकडून येणारी नौदलाची डॉर्नियर जमिनीवर इतकी कर्कश का वाजते? किंग एअर तशी वाजत नाही. – एक विद्यार्थी, खानापूर

डॉर्नियर २२८ कानपूरला एचएएल बनवते. तिच्यावर गॅरेटचे टीपीई-३३१ इंजिन असते. त्यात टर्बाइन, कॉम्प्रेसर आणि प्रोपेलर एकाच शाफ्टवर गिअरबॉक्सने जोडलेले असतात, म्हणून जमिनीवर उभे असतानाही सगळे जवळजवळ पूर्ण वेगाने फिरते. पूर्ण वेग म्हणजे इंजिनाच्या आत मिनिटाला ४१,७३० फेरे. पीटी-६ मध्ये प्रोपेलर वेगळ्या टर्बाइनवर असतो, मधे फक्त वायूचा झोत, त्यामुळे आयडलला ते शांत राहते.

या एका फरकातून बाकीच्या सवयी येतात. टीपीई बंद करताना ब्लेड सपाट कोनात स्टार्ट लॉकवर बसवावे लागतात. ते राहून गेले की प्रोपेलर फेदर होऊन थांबतो आणि पुढच्या स्टार्टआधी विजेच्या पंपाने ब्लेड परत आणावे लागतात, नाहीतर स्टार्टरला तो भार पेलत नाही. बंद केल्यावर आतली उष्णता वर चढून शाफ्ट किंचित वाकू शकतो, म्हणून काही वेळाने प्रोपेलर हाताने फिरवतात, तोही नेहमीच्या दिशेनेच. उलटा फिरवला तर स्टार्टर-जनरेटरचे ब्रश खराब होतात. हवेत असताना इंजिन बंद पडले तर वाऱ्याने फिरणारा प्रोपेलर अख्खे इंजिन ओढत बसतो, त्यासाठी ब्लेडचा कोन आपोआप वाढवणारी निगेटिव्ह टॉर्क यंत्रणा असते. प्रत्येक तपासणीत तिची चाचणी झालीच पाहिजे. इंधनाच्या बाबतीत मात्र टीपीई पीटी-६ पेक्षा काटकसरी आहे.

पावसाळ्यात विमान दोन-दोन महिने उडत नाही. सांबऱ्याला उभे ठेवताना काय काळजी घ्यावी? – एक मालक, बेळगाव

शक्य असेल तर दोन महिने उभे ठेवूच नका. पंधरवड्यातून एकदा ढगांनी वाट दिली की अर्धा-पाऊण तास उडवा. जमिनीवर पाच मिनिटे इंजिन चालवून बंद करणे हा उपाय नाही. त्याने एक स्टार्टची सायकल खर्च होते, ऑइल पुरते तापत नाही आणि आतला ओलावा आतच राहतो.

उभे ठेवायचेच तर इंजिनाच्या उत्पादकाने दिवसांप्रमाणे टप्पे दिले आहेत. सात दिवसांपर्यंत इनटेक आणि एक्झॉस्टची झाकणे पुरतात. ८ ते २८ दिवसांत आत ओलावा शोषणाऱ्या पिशव्या आणि आर्द्रतेचा रंगपट्टा ठेवून सगळी तोंडे बंद करतात. २९ दिवसांपुढे इंधनप्रणालीत संरक्षक तेल भरावे लागते, आणि ते काम मान्यताप्राप्त संस्थेकडूनच करून घ्या. रंगपट्टा दर आठवड्याला बघा. आपल्या जुलैत पिशव्या लवकर भरतात.

प्रोपेलर बांधलाच पाहिजे. पीटी-६ चा प्रोपेलर वाऱ्याने सहज फिरत राहतो आणि त्या वेळी इंजिनात ऑइलचा दाब शून्य असतो. बेअरिंग कोरडी झिजतात.

टाक्या भरून ठेवा म्हणजे रिकाम्या जागेत पाणी कमी साचते. आठवड्यातून एकदा प्रत्येक ड्रेनमधून नमुना काढा, एकही ड्रेन सोडू नका. बाटलीत इंधन आणि पाणी यांच्यामध्ये तपकिरी, शेवाळासारखा पापुद्रा दिसला तर बुरशी लागली आहे. ती पाणी आणि एटीएफच्या सीमेवर वाढते, फिल्टर बुजवते, आणि तिचे आम्ल टाकीचे अ‍ॅल्युमिनियम खाते. बायोबोर जेएफ घालतात ते लागण झाल्यावर दहा लाख भागांत २७० भाग आणि प्रतिबंधासाठी १३५ भाग. अंदाजाने ओतू नका, आणि इंधन भरतानाच मिसळा.

पिटो आणि स्टॅटिकची (वेग व उंची मोजायला हवा घेणाऱ्या नळ्या-छिद्रांची) झाकणे एक दिवसही विसरू नका. कुंभारीण माशी एका दुपारीत मातीने नळी बंद करते. बॅटरी काढून शॉपमध्ये ठेवा. पंखाच्या पुढच्या काळ्या रबरी बूटांना (बर्फ तोडायला फुगणाऱ्या पट्ट्यांना) ऑक्टोबरच्या उन्हाआधी त्यांचे संरक्षक लावा. ते नुसते तळपत राहिले की बारीक चिरा पडतात आणि फुगवल्यावर फाटतात.

उद्यमबागेत आमचे सीएनसीचे शॉप आहे. हायड्रॉलिकचे काम मायक्रॉनमध्ये करतो. जुन्या विमानांचे बुश, पिना, ब्रॅकेट आम्ही बनवून दिले तर मालकांचे पैसे वाचतील की. – एक कारखानदार, बेळगाव

तुमच्या हाताबद्दल आम्हाला शंका नाही. हुक्केरी तालुक्यात हत्तरगीच्या वसाहतीत तर मोठ्या प्रवासी विमानांचे भाग बनतात. पण तिथला प्रत्येक तुकडा विमान-उत्पादकाच्या मान्य आराखड्यावर बनतो. धातूच्या कोणत्या वितळणीतून तो आला, कोणत्या भट्टीत किती तास उष्मोपचार झाला, कोणी मोजला, हे सगळे कागदावर असते. मान्यतेशिवाय बनवलेली पिन मापात अचूक असली तरी तिच्याबरोबर भाग वापरण्यास मान्य असल्याचे सीए फॉर्म १ किंवा तत्सम प्रमाणपत्र नसते. ती बसवली की विमान उडण्यास पात्र राहत नाही, विमाही अडकतो. शिवाय लँडिंग गिअरच्या पिनेत मापाइतकेच महत्त्व पोलादाच्या थकव्याला आहे. प्लेटिंगनंतर योग्य तापमानात भाजली नाही तर हायड्रोजनमुळे ती ठिसूळ होते आणि काहीही पूर्वसूचना न देता तुटते. हे कॅलिपरला दिसत नाही.

जमिनीवरची उपकरणे मात्र तुम्ही जरूर बनवा. तीच बाहेरून आणायला मालकांचे बरेच पैसे जातात. इंजिनाची तोंडे बंद करणारी झाकणे, प्रोपेलर बांधायचे पट्टे, चाकाचे ठोकळे, इंजिन उतरवायचे स्टँड यांना मागणी आहे. झाकणाला लांब लाल पट्टी हवीच आणि ती कॉकपिटमधून दिसली पाहिजे. जॅक करणार असाल तर भारचाचणी आणि तिचे प्रमाणपत्र द्या. सी-९० चे कमाल वजन ४,३७७ किलो आहे, पण ते तिन्ही जॅकवर सारखे वाटले जात नाही.

सुरुवात टो-बारने (विमान ओढायच्या दांड्याने) करा. किंग एअरच्या नोजगिअरवर वळण्याची मर्यादा लाल खुणेने दाखवलेली असते. ट्रॅक्टरचालकाने त्यापुढे वळवले तर नोजगिअरचा स्टॉप वाकतो आणि विमान काही आठवडे जमिनीवर बसते. म्हणून टो-बारच्या डोक्यात शिअर पिन मुद्दाम कमजोर ठेवतात, म्हणजे गिअरआधी ती तुटते. ती पिन किती भाराला तुटावी हे विमानाच्या मेंटेनन्स मॅन्युअलवरून ठरवा, तुकड्यांवर प्रेसमध्ये तोडून बघा, आणि प्रत्येक बारबरोबर सुट्या दहा पिना द्या. पिना संपल्या की हँगरमध्ये कोणीतरी तिथे साधा बोल्ट घालतो, आणि गिअर वाकण्याची बहुतेक प्रकरणे तिथूनच सुरू होतात.